परदेशाची लेक, महाराष्ट्राची सून : सावित्रीबाई खानोलकर



आपल्या मराठी भाषेत माहेर आणि सासर अशी शब्दांची एक जोडी आहे. या दोन शब्दांत आपल्या स्त्रीजीवनाचा निम्मा इतिहास सामावलेला आहे. पुरुष ज्या घरात जन्मतो त्याच घरात बहुधा म्हातारा होतो. स्त्रीला मात्र एक घर सोडून दुसरे घर आपले करावे लागते. तिथली चूल, तिथली बोली, तिथले कुळाचार, तिथल्या माणसांचे राग-लोभ हे सारे नव्याने शिकावे लागते. हे काम तिने केले नाही तर गाव तिला नावे ठेवते आणि केले तर त्यात काही विशेष घडले असे कोणाला वाटत नाही.

करडीच्या पंचक्रोशीत हे निराळे सांगायला नको. आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटमधून वाहते आणि मग भंडारा जिल्ह्यात येते. पुढे वर्धा नदीला मिळाली की तिचे नावही बदलते आणि ती प्राणहिता होते. जशी नदी तशीच आपली सोयरीक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. १९६० साली आपण महाराष्ट्राचे झालो. नकाशावर रेघ पडली, पण लग्ने त्या रेघेला विचारून जमली नाहीत. तिकडची पोवारी बोलणारी किंवा हिंदी शाळेत शिकलेली मुलगी इकडे येते, दोन-चार वर्षांत झाडीबोलीत बोलू लागते, आणि तिची मुले मराठी शाळेत पहिल्या ओळीत बसतात. हे आपल्या डोळ्यांसमोर घडत असते. म्हणूनच आज ज्या बाईंचे चरित्र सांगणार आहे ते दूरदेशीचे असले तरी आपल्याला परके वाटू नये.

परमवीरचक्र हा आपल्या देशाचा रणांगणावरील शौर्याचा सर्वोच्च सन्मान आहे हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण ते चक्र कोणी रेखाटले असे विचारले तर मोठी माणसेही थांबतात. त्याचे रेखाटन करणाऱ्या बाई जन्माने युरोपियन होत्या. लग्नाने त्या एका मराठी घराच्या सून झाल्या. त्यांचे नाव सावित्रीबाई खानोलकर.

त्यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या गावी झाला. माहेरचे नाव ईव्ह इव्हॉन मादाय द मारोस. वडील आंद्रे द मादाय हे हंगेरियन, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई मार्थ हेन्ट्झेल्ट ही रशियन. म्हणजे या मुलीच्या पाळण्यापाशीच तीन देश उभे होते : बाप एका देशाचा, आई दुसऱ्या देशाची आणि जन्मभूमी तिसरीच. आई जिनीव्हातील रूसो इन्स्टिट्यूट या शिक्षणशास्त्राच्या संस्थेत शिकवीत असे. बालशिक्षणाचा नवा विचार १९१२ नंतर ज्या ठिकाणाहून युरोपभर पसरला त्यांतली ही एक महत्त्वाची संस्था होय. पण मुलीला आईचा सहवास फार काळ लाभला नाही. आई लवकर गेली आणि वडिलांनीच तिला वाढवले.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, राष्ट्रसंघाचे ठाणे जिनीव्हाला आले. प्राध्यापक मादाय तेथे ग्रंथपालाचे काम पाहत असत. बापाचा व्यवसाय पुस्तकांचा, आणि गाव असे की जिथे साऱ्या जगाचे प्रतिनिधी येत-जात. अशा घरातल्या मुलीला वाचनाचा नाद लागला यात नवल नाही. नवल आहे ते त्या वाचनाने तिला कोठे नेले याचे. भारताविषयीची ओढ तिला लागली ती भारत पाहून नव्हे, वाचून.

पुढे १९२९ साली फ्रान्समधील शामोनी या बर्फाळ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावी तिची आणि विक्रम खानोलकर या तरुणाची गाठ पडली. विक्रम त्या वेळी इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकत होते. ती अवघी सोळा वर्षांची होती.

या भेटीचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळाची थोडी कल्पना करावी लागेल. हिंदी तरुणांना सँडहर्स्टचे दार पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सुमारास उघडले, तेही वर्षाला दहा जागांपुरते. देहरादूनची आपली लष्करी अकादमी निघाली ती १९३२ साली. म्हणजे विक्रम खानोलकर हे त्या मूठभरांपैकी एक होते ज्यांना इंग्रज अधिकाऱ्यांच्या पंक्तीत बसायला मिळाले. पण पंक्तीत बसणे वेगळे आणि बरोबरीने वागवले जाणे वेगळे. अशा तरुणाशी लग्न करणाऱ्या गोऱ्या मुलीला दोन्हीकडून प्रश्न विचारले जाणार होते. युरोपियन लोक म्हणणार, हिने आपली पायरी सोडली. आणि इकडे घरोघरी कुजबुज होणार, ही मडम किती दिवस टिकते ते पाहू.

वडिलांना हे लग्न पसंत नव्हते. एकुलत्या आधाराला इतक्या दूर, अनोळखी मुलखात पाठवायचे हे कोणत्या बापाला सहज मान्य होईल ? पण मुलीचा निश्चय ढळला नाही. ती भारतात आली आणि १९३२ साली लखनौ येथे दोघांचे लग्न झाले. तिने हिंदू धर्म स्वीकारला. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आपल्याकडे आहे. ताटात तांदूळ पसरून अंगठीने त्यांत नवे नाव लिहितात. धानाच्या आपल्या मुलखात तर ती अगदी घरची रीत. ईव्हची सावित्री झाली. महाभारतातली सावित्रीही राजाची मुलगी होती. तिने स्वतः वर निवडला आणि नारदाने भाकीत वर्तवले, बापाने समजावले, तरी निवड बदलली नाही. नाव अगदी चपखल बसले असे म्हणावे लागेल.

नाव बदलायला तांदळाचे ताट पुरते. संस्कृती आपली करायला मात्र वर्षे लागतात, आणि सावित्रीबाईंच्या चरित्रात खरी शिकण्याजोगी गोष्ट आहे ती हीच. त्या मराठी शिकल्या, हिंदी शिकल्या, संस्कृत शिकल्या. पतीची बदली पाटण्याला झाली तेव्हा त्यांनी पाटणा विद्यापीठात नाव घातले आणि संस्कृत नाटके, वेदान्त, उपनिषदे यांचा अभ्यास केला. उदयशंकरांकडे त्यांनी नृत्याचे धडे घेतले. चित्रकला तर हातात होतीच. साडी नेसणे आणि शाकाहार यांचा उल्लेख त्यांच्या चरित्रात नेहमी कौतुकाने केला जातो. पण साडी कोणालाही महिनाभरात नेसता येते. पाणिनीची भाषा शिकायला बसणे हे त्याहून फार अवघड काम आहे, आणि लष्करी अधिकाऱ्याच्या बिऱ्हाडात, दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधून नव्या छावणीत जाणाऱ्या संसारात, मुली वाढवीत असताना ते करणे आणखी अवघड.

छावणीच्या जगात त्या काळी इंग्रजी रीतीचे वर्चस्व होते. मेसमधले जेवण, क्लबातले नृत्य, चहाच्या वेळचे बोलणे हे सारे इंग्रजी वळणाचे असे, आणि आपले हिंदी अधिकारी व त्यांच्या पत्नी ते वळण उचलण्यासाठी धडपडत. सावित्रीबाईंना ते वळण जन्मतःच अवगत होते; त्यांनी ते बाजूला ठेवले. आमची माणसे ज्या दारातून बाहेर पडण्यास उत्सुक होती त्याच दारातून ही बाई आत येत होती.

आपण चुकून युरोपात जन्मलो, आपला आत्मा भारतीयच आहे, असे त्या सांगत असत, आणि कोणी परदेशी म्हटले की त्यांना ते रुचत नसे. हे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो. वाटू द्यावा; पण त्या अभिमानात एक फसगतही आहे. आत्माच भारतीय होता असे एकदा म्हटले की बाईंनी केलेले कष्ट पुसले जातात. जणू सारे काही पूर्वसंचिताने आपोआप आले. व्याकरण पूर्वसंचिताने येत नाही. शब्दरूपे पाठ करावी लागतात. म्हणून त्यांच्या या सांगण्याकडे प्रेमाचा उद्गार म्हणून पाहावे आणि त्यांचे श्रेय त्यांच्या अभ्यासाला द्यावे, हे इतिहासाच्या दृष्टीने अधिक न्याय्य होईल.

या अभ्यासाची कसोटी १९४७ नंतर लागली. देश स्वतंत्र झाला. लढाई लगेचच काश्मिरात सुरू झाली. शूरांचा गौरव करायचा तर तो कशाने ? व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्लंडच्या राणीच्या नावाचे पदक. स्वतंत्र देशाच्या शिपायाच्या छातीवर ते शोभणार नव्हते. नवी पदके तयार करण्याचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होते. ते स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी अ‍ॅडज्युटंट जनरल. संस्कृत, पुराणे आणि चित्रकला यांचे ज्ञान एकत्र असलेले माणूस त्यांना हवे होते, आणि ते त्यांना एका सहकाऱ्याच्या घरात सापडले. त्यांनी सावित्रीबाईंना परमवीरचक्राचे रेखाटन करायला सांगितले.

आता या कामाची अडचण पाहा. पदक म्हणजे केवढे ? सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाची एक गोल चकती. तेवढ्या जागेत एका देशाने आपल्या सर्वांत मोठ्या त्यागाला काय म्हणायचे ते म्हणायचे आहे. तिथे शब्दांना जागा नाही. देशातल्या सगळ्या प्रांतांना, सगळ्या भाषांना कळेल अशी एकच खूण हवी. सावित्रीबाईंनी जी खूण निवडली ती कीर्तन ऐकलेल्या आपल्या आजीबाईंनाही समजावून सांगावी लागत नाही. ती खूण म्हणजे इंद्राचे वज्र.

वज्राची कथा आपल्याला ठाऊक आहे. वृत्रासुराने देवांना जेरीस आणले. कोणत्याही शस्त्राने तो मरेना. तेव्हा देव दधीची ऋषींकडे गेले आणि त्यांची हाडे मागितली. ऋषींनी देह ठेवला. त्यांच्या अस्थींचे वज्र घडले आणि वृत्राचा नाश झाला. ही कथा शस्त्राची आहे, तशीच देणगीची आहे. ज्याने दिले तो स्वतः लढला नाही, आणि विजय पाहायला उरलाही नाही. युद्धात प्राण ठेवणाऱ्या सैनिकाला याहून उचित उपमा कोणती ? सिंह, वाघ, गरुड अशी पराक्रमाची चिन्हे सहज सुचण्याजोगी होती, आणि ती अनेक देशांच्या पदकांवर दिसतातही. सावित्रीबाईंनी पराक्रमाचे चिन्ह न निवडता दानाचे निवडले. अनेक वर्षे पुराणे वाचल्यावाचून ही निवड सुचली नसती.

काशाच्या त्या चकतीच्या मध्यभागी आपली राजमुद्रा आहे आणि तिच्याभोवती चार वज्रे आहेत. मागच्या बाजूस हिंदी आणि इंग्रजी अक्षरांत पदकाचे नाव असून त्या दोहोंच्या मध्ये दोन कमळे आहेत. फीत साधी, जांभळ्या रंगाची, ३२ मिलिमीटर रुंदीची. धातूही पाहा : सोने नाही, चांदी नाही, काशासारखा साधा मिश्रधातू. आपल्या भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांसाठी नाव आहे. घरोघरी घासून लख्ख केलेली तांब्या-पितळेची भांडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या धातूचे मोल कळेल. वज्राच्या रेखाटनात शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीचाही विचार सावित्रीबाईंच्या मनात होता असे सांगितले जाते. पदकाच्या अधिकृत वर्णनात वज्राचाच उल्लेख आहे. पण मराठी घरात नांदलेल्या बाईला तलवार म्हटल्यावर भवानी आठवावी हे स्वाभाविकच आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र हे सन्मान जाहीर झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आले. महावीरचक्र आणि वीरचक्र ही चांदीची, पंचकोनी ताऱ्याची. १९५२ साली शत्रूसमोर नसलेल्या प्रसंगांतील शौर्यासाठी अशोकचक्राच्या तीन श्रेणी निघाल्या; १९६७ पासून त्यांना अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र म्हणतात. या मालिकेच्या रेखाटनांतही सावित्रीबाईंचा हात होता. त्यांतल्या एकाही पदकावर त्यांचे नाव नाही. आपल्याकडच्या जुन्या लेण्यांतही शिल्पकाराचे नाव क्वचितच सापडते.

आजवर परमवीरचक्र एकवीस वीरांना मिळाले. त्यांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर मिळाले. पहिल्या वीरांमध्ये कारवारकडचे रामा राघोबा राणे होते. १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे गोळीबारात दूर करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, आणि ते जिवंत परतले. पण सर्वांत पहिले चक्र ज्यांच्या नावे जाहीर झाले ते मेजर सोमनाथ शर्मा जिवंत नव्हते. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगाम येथे, मोडलेला हात प्लास्टरमध्ये असताना, आपल्या तुकडीसह त्यांनी कितीतरी पट मोठ्या शत्रूला थोपवून धरले आणि तेथेच देह ठेवला. ते चोवीस वर्षांचे होते.

आणि इथे इतिहास घरात शिरतो. सोमनाथ शर्मांच्या धाकट्या भावाच्या घरी सावित्रीबाईंची थोरली मुलगी सून म्हणून गेली. म्हणजे ज्या चक्रावर त्यांनी दधीचीच्या अस्थी कोरल्या ते पहिल्यांदा गेले ते त्यांच्या व्याह्यांच्या घरी, गेलेल्या मुलाच्या नावाने. असा योग कोणी कादंबरीत घातला तर आपण म्हणू, लेखकाने जरा जास्तच जुळवून आणले. पण हा योग केवळ अपघाताचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. लष्करी घराण्यांचे जग लहान असते. ज्यांच्या मुलांना रणांगणावर जायचे असते त्यांच्याच मुलामुलींची लग्ने एकमेकांत होतात. सावित्रीबाई ज्या शूरांसाठी पदक रेखाटत होत्या ते त्यांच्या रोजच्या परिचयातले होते. पहाटे गाडीत बसून आघाडीवर जाणारी तरुण मुले त्यांनी पाहिली होती, त्यांच्या आया आणि बायका पाहिल्या होत्या. वज्राचा अर्थ त्यांना पुराणातून कळला तसा त्या दारांतूनही कळला.

फाळणीच्या काळात आणि नंतर त्यांनी निर्वासितांसाठी, तसेच सैनिकांच्या कुटुंबांसाठी पुष्कळ काम केले. १९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर वारले. सावित्रीबाई त्या वेळी एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. अशा वेळी बहुतेक माणसे माहेरची वाट धरतात. जिनीव्हा काही नाहीसे झाले नव्हते. ज्या माणसाचा हात धरून त्या आल्या तो माणूस गेल्यावर या देशाशी त्यांचे नाते कायद्याने, रीतीने कोणालाही सैल करता आले असते. त्या गेल्या नाहीत. लढाईत गेलेल्या जवानांच्या घरच्यांना आणि फाळणीने उखडलेल्यांना धीर देण्याचे काम त्यांनी चालू ठेवले, आणि स्वतःच्या दुःखासाठी रामकृष्ण मठाचा आधार घेतला. ‘सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ हा महाराष्ट्रातील संतांवरचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि संस्कृत नावांचा एक कोशही केला. आपल्या संतांनी पंढरीला माहेर म्हटले आहे. जिचे खरे माहेर सात समुद्रांपलीकडे राहिले त्या बाईने या संतांचा ध्यास घ्यावा, यात मला तरी मोठा अर्थ दिसतो. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

आता कोणी म्हणेल, ही एका असामान्य बाईची गोष्ट झाली. तिच्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून तुलनेसाठी आणखी एक चरित्र थोडक्यात पाहू. सावित्रीबाईंचे वडील हंगेरियन. त्यांच्या तरुणपणी हंगेरी ज्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होती त्याच साम्राज्याच्या पूर्व टोकाला गॅलिशिया नावाचा प्रांत होता. तिथले पुष्कळसे शेतकरी युक्रेनी भाषा बोलत. शेजारच्या रशियन साम्राज्यात तर १८७६ च्या हुकुमाने युक्रेनी पुस्तके छापण्यावरच बंदी आली होती. जमीन थोडी, तोंडे फार, अशा स्थितीत १८९० नंतर हजारो युक्रेनी कुटुंबे कॅनडाच्या ओसाड गवताळ प्रदेशात गेली. ज्या १९१३ साली सावित्रीबाईंचा जन्म झाला त्याच साली गॅलिशियातील साव्हेला स्टेचिशिन ही दहा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात पोचली. स्टेचिशिन हे तिचे सासरचे नाव. ते पुढे आले.

साव्हेलाबाईंची वाट सावित्रीबाईंच्या अगदी उलट. तिकडे इंग्रजी शाळा, इंग्रजी दुकान, इंग्रजी कचेरी. आईची भाषा दोन पिढ्यांत विसरली जाणार हे उघड होते. साव्हेलाबाईंनी संसार सांभाळून शिक्षण घेतले आणि १९३० साली सस्कॅचेवान विद्यापीठाची पदवी मिळवली. तेथून पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या युक्रेनी स्त्री. त्यापूर्वीच, १९२६ साली, कॅनडातील युक्रेनी स्त्रियांची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. त्या संघटनेने १९३६ पासून भरतकाम, विणकाम, घरगुती वस्तू जमवून सॅस्काटून येथे संग्रहालय उभे केले. ईस्टरच्या सणाला अंड्यांवर मेणाच्या रेघा ओढून, एकामागून एक रंगांत बुडवून नक्षी काढण्याची त्यांची रीत, लग्नातला सजवलेला पाव, कडांना भरतकाम केलेले पंचे, हे सारे म्हाताऱ्या बायकांच्या हातात होते. ते हात थकण्याआधी कोणीतरी टिपून ठेवायला हवे होते. साव्हेलाबाईंनी १९५७ साली युक्रेनी स्वयंपाकाचे पुस्तक इंग्रजीत लिहिले. इंग्रजीत अशासाठी, की नातींना आजीची भाषा येत नसली तरी आजीचा पाव तरी करता यावा. कॅनडाच्या सरकारने पुढे त्यांना देशाचा मोठा नागरी सन्मान दिला.

या दोन बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. एकीने माहेरची संस्कृती परदेशात जपली. दुसरीने सासरची संस्कृती आपली केली. वरवर पाहता या दोन वाटा विरुद्ध आहेत. पण जवळून पाहिले तर काम एकच दिसते : दोघींनीही संस्कृतीला वारसाहक्काने मिळालेली वस्तू मानले नाही. वारसा आपोआप येतो या भरवशावर जी माणसे बसतात त्यांच्या घरातून तो केव्हा निघून जातो ते त्यांनाही कळत नाही. साव्हेलाबाईंना ते गवताळ रानात कळले, सावित्रीबाईंना पाटण्याच्या वर्गात.

या चरित्रातून आपल्यासाठी काय निघते ते सांगून मी थांबणार आहे. सावित्रीबाई आपल्यासारख्या झाल्या म्हणून आपण त्यांचे गोडवे गातो. पण बाहेरून आलेल्या माणसाने आपल्यासारखे व्हावे ही अपेक्षा करणे फार सोपे आहे. आपण त्याच्याकडून काही घ्यावे हे अवघड आहे. खानोलकरांच्या घराने आणि अटल यांच्यासारख्या अधिकाऱ्याने ते केले. स्वतंत्र देशाचे सर्वोच्च पदक रेखाटण्याचे काम एका परदेशी जन्मलेल्या बाईकडे द्यावे, यावर कोणी नाक मुरडले असते तर ते त्या काळात नवलाचे नव्हते. तिचे ज्ञान पाहिले गेले, तिचे जन्मगाव नाही. त्यामुळे देशाला वज्र मिळाले.

आपल्या दारात आलेल्या सुनेच्या बाबतीत आपण हे करतो का ? बालाघाटकडून आलेल्या मुलीची बोली ऐकून आपण हसतो. ती सुधारली की तिचे कौतुक करतो. तिच्या माहेरी लग्नात कोणती गाणी म्हणतात, पोळ्याला, जिवतीला तिच्याकडे काय करतात, धान निवडताना तिची आई काय गुणगुणत असे, हे तिला किती घरांत कोणी विचारले असेल ? तांदळात नवे नाव लिहिताना जुने नाव पुसले जाते ते कोणी वहीत टिपून ठेवते का ? करडीसारख्या गावात एखाद्या शिक्षकाने, एखाद्या महिला मंडळाने दर उन्हाळ्यात दहा-बारा सुनांकडून त्यांच्या माहेरची गाणी आणि रीती लिहून घेतल्या, तर काही वर्षांत वैनगंगेच्या खोऱ्याचा असा इतिहास तयार होईल की जो कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. एक वही आणि ऐकून घेण्याची तयारी लागते. पुढच्या वर्षी वसंत व्याख्यानमालेला आपण पुन्हा जमाल तेव्हा अशी एक वही या टेबलावर असेल, आणि तिच्या पहिल्या पानावर गावातल्या एखाद्या सुनेचे माहेरचे नाव लिहिलेले असेल, तर आजचे व्याख्यान कारणी लागले असे मी समजेन.